बाबांची वीत

तीसेक वर्षं मी चौथीच्या वर्गाकडून एकच यादी घोकून घेतली. आंब्याची राई, केळीचं बन, उसाचा फड, बांबूचं बेट, करवंदांची जाळी, वेलींचा कुंज. पोरं डोलत डोलत म्हणायची आणि मी फळ्यावर पट्टीनं ठेका धरायची. माझी शाळा मानोऱ्याकडच्या एका तांड्यावर. तिथल्या निम्म्या पोरांनी त्यातला फड तेवढा डोळ्यांनी पाहिलेला, तोही दिवाळीनंतर आईबापांसोबत ऊसतोडीला जाऊन. कुंज कुणीच पाहिला नव्हता, मीसुद्धा नाही. पण यादी परीक्षेला यायची. झाडं जिथं वाढतात अशा जागांना आपल्या भाषेत इतके देखणे शब्द आहेत, असं मी दरवर्षी कौतुकानं सांगायची, आणि आमच्या घरात दिवसातून शंभरदा उच्चारला जाणारा शब्द त्या यादीत दरवर्षी मुद्दाम गाळायची. तो शब्द पन्हेरी. का गाळायची, ते या प्रकरणात लिहून टाकणार आहे. बाकीची प्रकरणं नातवंडांसाठी लिहिली, हे माझ्यासाठी.

संत्र्याची रोपं जिथं तयार होतात ती पन्हेरी. आता सगळे नर्सरी म्हणतात, पाट्यांवर रोपवाटिका लिहिलेलं असतं. आमच्या गावात गोविंदरावांची पन्हेरी होती आणि बाबा तिथं कलमा बांधायचे. गाव शेलूबाजारापासून जीपनं अर्ध्या तासावर. शेत गोविंदरावांचं, पाणी त्यांचं, पण शेलूबाजाराच्या आठवडी बाजारात गिऱ्हाईक विचारायचं ते बाबांच्या नावानं. "सदाशिवच्या हातची हायेत का?" असलं की माणूस पुढं काही विचारत नसे. आमच्या वस्तीतल्या माणसाचं नाव पाटलांच्या ओट्यावर मानानं घेतलं जायचं, ही गोष्ट त्या काळात लहान नव्हती. बाबांना लिहितावाचता येत नव्हतं. सहीच्या जागी ते अंगठा द्यायचे, आणि तोच अंगठा जंबेरीच्या कोवळ्या सालीवर असा चालायचा की बघत राहावं.

जंबेरी म्हणजे एक काटेरी, आंबट लिंबू. तिचं बी वाफ्यात पेरायचं, वर्षभरानं खोड पेन्सिलीएवढं झालं की त्यावर संत्र्याचा डोळा बसवायचा. चांगल्या झाडाची फांदी आणायची, तिला डोळकाडी म्हणत. तिच्यावरचा एक डोळा सालीसकट अलगद काढायचा. जंबेरीच्या सालीला एक आडवी, एक उभी चीर द्यायची, साल उघडून डोळा आत सरकवायचा आणि पट्टीनं घट्ट बांधायचं. हे सगळं जमिनीपासून एक वीत वर. खाली बांधलं तर माती लागून झाड डिंक सोडतं, फार वर बांधलं तर वाऱ्यानं मोडतं. मोजायला पट्टी नव्हती. बाबा करंगळी जमिनीला टेकवायचे, पंजा ताणायचे, आणि अंगठा जिथं पोचेल तिथं चीर द्यायचे. हजारो रोपं, पण सगळ्यांचे सांधे एका ओळीत.

काढलेला डोळा सुकू नये म्हणून चीर देईपर्यंत तो ओठांत धरायचा. त्यामुळे कलमा बांधताना बोलायची सोय नव्हती. हिवाळ्याच्या दिवसांत बाबा, आई आणि मी वाफ्यांच्या ओळीत उकिडवे बसलेले असू. बाबा डोळा बसवत पुढं सरकायचे, आई मागून पट्ट्या बांधत यायची, मी जुन्या पिशव्या कापून पट्ट्या पुरवायची. आवाज काय ते चाकूचे, दूरच्या विहिरीवरच्या इंजिनाचे आणि पारव्यांचे. संत्र्याची साल ओठांना कडू लागते. दुपारी भाकर, अंबाडीची भाजी आणि मिरचीचा ठेचा खायला बसलं तरी पहिला घास कडूच लागायचा. आई हसून म्हणायची, "दिवसभर गप बसाले भेटते ना तुह्या बापाले, म्हून त्याले हे काम गोड लागते." बाबा खरंच कमी बोलायचे. ओठांत डोळा नसला तरी असल्यासारखे.

बोलायचे ते एकाच जागी, विहारात. विहाराच्या मागच्या खोलीत पुस्तकांचं एक लोखंडी कपाट होतं आणि वस्तीतली पाच-सात पोरं तिथं अभ्यासाला बसायची. रविवारी बाबा ती खोली झाडायचे आणि मग आमच्यामागं भिंतीला टेकून बसायचे, आम्ही मोठ्यानं वाचलेलं ऐकत. एकदा म्हणाले, "हेबी पन्हेरीच हाय, सुमे. बगीच्यात झाड राह्यते, मळ्यात राह्यते. पन्हेरीत कोनी राहत नसते. जे चांगलं निंगालं ते उपटून दुसऱ्याच्या वावरात जाते." मी विचारलं, मग पन्हेरीला काय मिळतं? ते म्हणाले, "नाव." एवढंच बोलून ते झाडू ठेवायला गेले.

माझी चंद्राआत्या आसेगावकडे दिलेली होती. बाबांची धाकटी, एकुलती बहीण. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं. नवऱ्याच्या वाट्याची दोन एकर आणि निम्मी विहीर तिच्याकडे राहिली, आणि त्या दोन एकरांवर दिराचा डोळा. "बाईमानसानं काय वावर करावं," असं तो चारचौघांत म्हणायचा. आत्या खमकी होती. तिनं ठरवलं की दोन्ही एकरांत संत्रा लावायचा. एकदा बाग उभी राहिली की कुणाची माय व्याली नाही माझ्या बांधावर पाय ठेवायची, असं ती आमच्या चुलीपुढं बसून म्हणाली होती. तिचं बोलणं असंच होतं. बाबांना तिनं बजावलं, "दादा, रोपं तुह्याच हातची पाह्यजेत. दुसऱ्या कोनाच्या हातची मले चालत नाहीत." बाबांनी मान हलवली. दोनशे वीस रोपं. त्यांनी गोविंदरावांना सांगून एक वाफा तिच्या नावानं वेगळा राखला.

त्या हिवाळ्यात बाबांना टायफॉइड झाला. पंधरा दिवस अंथरुणावर, तोंडात नुसतं साबुदाण्याचं पाणी. इकडं थंडी वाढत चालली. थंडी फार झाली की जंबेरीची साल सुटत नाही, मग वर्ष वाया जातं. वर्ष वाया गेलं तर आत्याची जमीन वर्षभर पडीक, आणि दीर तयारच होता. दुसऱ्या कलम बांधणाऱ्याच्या हातात वाफा द्यायचा तर बाबांचा शब्द मोडतो. मी तेव्हा तेरा वर्षांची. दोन वर्षं बाबांच्या शेजारी बसून टाकाऊ रोपांवर हात बसवला होता. बाबांनी मला जवळ बोलावलं. त्यांच्या हाताचा चटका बसावा इतका ताप होता.

"चंद्रीचा वाफा तू बांध. इहिरीजवळचं झाड ठाऊक हाय ना? डोळकाडी त्याचीच घेजो. वरच्या गोल काड्या. पाणसोट घेजो नोको."

"व्हय बाबा."

"आन हे पाह्य, आत्याले सांगजो नोको तू बांधले म्हून. फळं आली की मंग सांगू. पह्यलं फळ तुह्याच हातात देतो तिच्या हातानं."

त्या तापातही ते हसले. ती गंमत त्यांना फार आवडली होती.

पाणसोट म्हणजे झाडाच्या बुंध्यातून सरळ वर फुटणारा फोक. जाड, हिरवागार, रसरशीत, काटेरी. त्याच्यावरचा डोळा मोठा असतो आणि सालीतून कसा लोण्यासारखा सुटतो. पण त्याचं कलम केलं की झाड नुसतं वाढत बसतं, काटे धरतं, आणि फळाचं नाव काढत नाही. वर्षांमागून वर्षं जातात. हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं लिहिलं तर हे प्रकरण लिहिण्यात अर्थ नाही.

पहिल्या दिवशी मी वरच्या गोल काड्या काढल्या. शिडी हलत होती, काट्यांनी दंड ओरबाडले, आणि त्या बारीक काड्यांवरचे डोळे माझ्या हातात फाटायचे. दिवसभरात चाळीस बांधले, त्यातले कितीतरी मलाच धड वाटेनात. चार दिवसांनी मंगरूळपीरला माझी शिष्यवृत्तीची परीक्षा होती. विहारातल्या खोलीत माझी पुस्तकं उघडी पडली होती आणि मी इथं झाडावर. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच झाडाच्या बुंध्याशी उभे असलेले पाच-सहा पाणसोट मला दिसले. झाड तर तेच आहे, मी मनाशी म्हटलं. तीच मुळं, तेच पाणी. खाली उभ्या उभ्या ते कापले. कालचे चाळीस डोळे काढून टाकले आणि तिथंही नव्यानं तेच बसवले, कारण हे किती सुरेख बसत होते! दोन दिवसांत वाफा संपला. मागून पट्ट्या बांधणाऱ्या आईला काड्यांतलं कळत नव्हतं. ती म्हणाली, "बापापेक्षा झटपट हाय तुहा हात."

तीन आठवड्यांनी बाबा काठी टेकत पन्हेरीत आले आणि एकेक पट्टी सोडून पाहू लागले. मेलेला डोळा काळा पडतो. एकही काळा नव्हता. दोनशे विसांतला एकही नाही. बाबा वाफ्याच्या टोकाला उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांना रडताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मला इतका आनंद झाला होता की बाकी सगळं मी त्यातच पुरून टाकलं. पुढं परीक्षेतही पास झाले. उन्हाळ्यात रोपं गुडघाभर वाढली तेव्हा बाबा एकदा पुटपुटले, "काटे जरा जास्तच हायेत." मग स्वतःच म्हणाले, "जोम हाय. जिरतीन." काड्या कुठल्या घेतल्या, हे त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही. पुष्कळदा वाटतं, त्यांना तेव्हाच शंका आली असेल, पण पोरीच्या हातचा वाफा उपटायला मन झालं नसेल. हे माझं मला बरं वाटावं म्हणून मी रचलेलं असू शकतं.

पावसाळ्यात ती रोपं आत्याच्या वावरात गेली. संत्र्याला पाच-सहा वर्षं लागतात. मी दहावी झाले, बारावी झाले, वाशीमला डी.एड.ला लागले. आत्या दरवर्षी येऊन सांगायची, झाडं कशी उंच झालीत, लोक कसे बघायला थांबतात. पाचव्या वर्षी तिनं फुलासाठी बागेचं पाणी तोडून ताण दिला, मग पाणी सोडलं, फूल आलं नाही. सहाव्या वर्षीही नाही. शेजारच्या लहानखुऱ्या बागा फुलांनी पांढऱ्या झालेल्या आणि हिची झाडं बाभळीसारखी उभी. मग निरोप आला, दादाले म्हणा येऊन पाहून जा. मी सुटीत घरी होते. बाबांनी सहज म्हटलं, "चाल, तूबी पाह्य तुही झाडं." जीपमध्ये त्यांच्या मांडीवर आईनं आत्यासाठी दिलेल्या तुरीच्या सोल्यांची, ओल्या दाण्यांची पिशवी होती. मी सबंध वाट खिडकीबाहेर पाहत होते.

बागेत आत्या होती, तिचा दीर होता, आणि मजा पाहायला आलेले आणखी चार-पाच जण. आत्यानं ना बस म्हटलं, ना पाणी दिलं. "दादा, हे काय लावून देलं तू मले?"

बाबांनी वर पाहिलं. एक काटा मोडून बोटांत फिरवला. मग पहिल्या झाडाशी उकिडवे बसले, बुंध्याजवळची माती हातानं साफ केली आणि वीत लावली. करंगळी जमिनीला, पंजा ताणलेला. सांध्याची गाठ अंगठ्याच्या चार बोटं खालीच राहिली. माझी तेव्हाची वीत तेवढीच होती. बाबा दुसऱ्या झाडाशी गेले, तिथंही चार बोटं खाली. तिसऱ्या झाडाशी गेले. तिथं वीत लावल्यावर त्यांनी हात तसाच ठेवला, बराच वेळ. ते विसरले नव्हते की वाफा मी बांधला. पण त्या क्षणी त्यांना त्या सांध्यात बाकीचंही सगळं दिसलं, हे मला पाठमोऱ्या बाबांच्या खांद्यांवरून कळलं. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं नाही. एकदाही नाही.

"बोल ना गा," दीर म्हणाला. "तुह्याच हातची ना हे?"

बाबा उठले. धोतराला हात पुसले. "माह्याच हातची. डोळकाडी चुकली माह्यानं. पाणसोट घेतले."

"काहून?" आत्या ओरडली. "तुले माईत नोयतं? साऱ्या दुनियेले शिकवतं, आन सख्ख्या बहिणीच्या वावरात..."

"तापात होतो. घाई झाली." मग तिच्यापुढं हात जोडून म्हणाले, "तोडजो नोको, चंद्रे. हे झाड उशिरा येते, पन येते. चार-पाच वर्सं थांब."

दीर मोठ्यानं हसला. मी दहा पावलांवर उभी होते. माझ्या तोंडात काही नव्हतं, ओठ मोकळे होते. तीन शब्दांचं काम होतं: आत्या, मी बांधले. मी एकोणीस वर्षांची होते, सहा महिन्यांनी शिक्षिका होणार होते, आणि मी गप्प उभी राहिले. भीती वाटली, लाज वाटली, आणि खोटं कशाला बोलू, बाबांनी अंगावर घेतलं याचं बरंही वाटलं. सोल्यांची पिशवी आत्यानं परत केली. परतताना शेलूबाजाराला दुसऱ्या जीपची वाट पाहत बाबांनी मला गरम भजी घेऊन दिली. मी खात नाही हे पाहून म्हणाले, "खाय. परीक्षा कदी हाय तुही?" त्या बागेबद्दल ते पुढं कधी एक अक्षर बोलले नाहीत.

महिन्याभरात दिरानं बाग तोडायला लावली. बांधाच्या कडेचं एक झाड विहिरीवर सावली पडावी म्हणून तेवढं राहिलं. आत्यानं वावर दिराला बटईनं, अर्ध्या वाट्यानं दिलं आणि पुढं ते त्याचंच झालं. बाजारात बातमी पोचायला किती वेळ! "सख्ख्या बहिणीले पाणसोट बांधून देले" हे बाबांच्या नावामागं कायमचं लागलं. गिऱ्हाईक विचारायचं ते आता उलटं, सदाशिवच्या हातची नाहीत ना? गोविंदरावांनी त्यांना काढलं नाही, चाकू तेवढा दुसऱ्याच्या हाती दिला आणि बाबांना पाणी द्यायच्या कामाला लावलं. ज्या वाफ्यांत स्वतः कलमा बांधल्या, त्यांनाच ते पाणी देत फिरायचे. मी नोकरीला लागले, त्यांना तांड्यावर माझ्याकडे घेऊन आले. माझ्या वर्गाच्या मागं ते भिंतीला टेकून बसायचे. त्या यादीच्या दिवशी मी त्यांच्याकडे पाहायचं टाळायची. आत्या त्यांच्याशी शेवटपर्यंत बोलली नाही. ते गेले तेव्हा मातीलासुद्धा आली नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आटोपल्यावर दुसऱ्याच दिवशी मी आसेगावला गेले. आत्या म्हातारी झाली होती, दिराच्या घराच्या पडवीत राहत होती. मी बसले आणि सगळं सांगितलं. टायफॉइड, शिडी, परीक्षा, पाणसोट, वीत. काही गाळलं नाही. आत्या काठी घेऊन उठली आणि मला वावरात, विहिरीजवळ राहिलेल्या त्या एकुलत्या झाडाशी घेऊन गेली.

झाड संत्र्यांनी वाकलं होतं. बाबा म्हणाले होते तसं, उशिरा आलं होतं.

"लाव वीत," आत्या म्हणाली.

मी बसले. करंगळी मातीला टेकवली, पंजा ताणला. सांधा माझ्या अंगठ्याच्या दोन बोटं खाली राहिला. तेरा वर्षांच्या पोरीची वीत माझ्या हाताला कुठली असणार! मी तेच सांगायला लागले, हात वाढतो आत्या, मी तेव्हा लहान होते. तिनं काठीनं मला थांबवलं.

"बसत नाही ना? उठ. दादा म्हने माह्याच हातचं, आन तू म्हनतं तुह्या हातचं." तिचा आवाज मऊ झाला होता, आणि तेच मला सोसवेना. "पोरीनं मेलेल्या बापाचं नाव धुवाले खोटं बोलावं, त्याच्यात वाईट काय हाय. चांगली पोरगी निंगाली तू."

मी शपथ घेतली, रडले. तिनं ओच्यात दहाबारा संत्री तोडली आणि माझ्या पिशवीत घातली.

"घिऊन जाय," ती म्हणाली. "दादाच्या हातची हायेत."